खळगा भरेपर्यंत

आमच्या गावात माणसाची तब्येत चेहऱ्यावरून बघत नाहीत, पायांवरून बघतात. पुरुषाला पायाकडून सूज चढली किंवा बाईला तोंडाकडून उतरली, की त्या घरावर जरा नजर ठेवायची, असा नियम आहे. तो कोणी केला हे कुणालाच ठाऊक नाही. मी शाळेत विज्ञान शिकवते, त्यामुळे मला तर विचारायचीही सोय नाही. विचारलं की लगेच, "तुझ्या पुस्तकात सगळंच नसतं गो बाय," असं ऐकून घ्यावं लागतं. गेल्या पौषात या नियमाने माझ्या बाबांना जवळजवळ मारलंच होतं. बाबा तेव्हा पडवीत बसून वालाच्या शेंगा सोलत होते.

सुरुवात दाढेपासून झाली. बाबांची मागची दाढ हलत होती. ती काढायला ते अलिबागला गेले, तर दातांच्या डॉक्टरणीने तोंड उघडायला सांगायच्या आधी दंडाला पट्टा बांधला. वरचा आकडा एकशे ऐंशी आला. तिने पट्टा सोडला, पुन्हा बांधला, पुन्हा तेवढाच. मग म्हणाली, आधी हे खाली आणा, दाढेचं नंतर बघू. बाबा हलती दाढ तशीच घेऊन घरी आले आणि मला माणगावला, सासरी, फोन लावला.

"दाढ काढाया गेलो, तर तिनं माझं प्रेशर काढलं."

हे त्यांना फार लागलं होतं. कारण प्रेशर हा बाबांचा खास विषय. त्यांची सगळी नोकरी एका कारखान्याच्या बॉयलर हाउसमध्ये गेली. वाफ किती, दाब किती, कुठला व्हॉल्व कधी सोडायचा, हे आमच्या घरात रामरक्षेसारखं पाठ होतं. आईचा कुकर तीनच्या जागी चार शिट्ट्या करू लागला, की बाबा बाहेरून ओरडायचे. आणि आता एका पोरसवदा डॉक्टरणीने त्यांना सांगितलं होतं, की काका, तुमचंच प्रेशर तुम्हाला कळलेलं नाही.

मी सुट्टी टाकली, वडखळला गाडी बदलून गाव गाठलं आणि त्यांना अलिबागच्या मोठ्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर शांत माणूस. त्यांनी कागदावर एक नळी काढली. म्हणाले, रक्ताच्या नळ्यांच्या भिंतीत बारीक स्नायू असतात, त्यांच्यात कॅल्शियम शिरलं की ते आवळतात, नळी अरुंद होते, दाब वाढतो. ही गोळी कॅल्शियमची आत शिरायची वाट अडवते. स्नायू सैल पडतात, नळी रुंद होते, दाब उतरतो. गोळीचं नाव ॲम्लोडिपिन. हेच मी आठवीच्या वर्गात अर्ध्या तासात सांगते आणि तरी निम्म्या मुलांना कळत नाही. बाबांना अर्ध्या मिनिटात कळलं.

"म्हंजे पाइप सैल केलेत."

"बरोबर."

"मग खालच्या जॉइंटला गळणार कुठंतरी."

डॉक्टर हसले. "काही लोकांचे पाय सुजतात, हो. तसं झालं तर मला येऊन सांगायचं. मनाने गोळी बंद करायची नाही, आणि मीठ कमी. खारं, लोणचं, पापड बंद."

हे सगळं मी ऐकलं आणि बाबांनीही ऐकलं. पुढच्या प्रकारात कोणाला काय माहीत होतं याचा वाद होऊ नये, म्हणून आधीच सांगून ठेवते.

पाच मिलिग्रॅमची गोळी सुरू झाली. बाबा ती सकाळी आठच्या ठोक्याला घ्यायचे, आणि त्यासाठी पावणेआठपासून पाण्याचा तांब्या घेऊन घड्याळासमोर बसायचे. पंधरा दिवसांत आकडा बराच उतरला. घोट्याशी थोडी सूजही आली. पण ती कुणाच्या नजरेला पडली नव्हती. ती पडली मासळीवालीच्या.

ही मासळीवाली थळहून येते. आमच्या पडवीच्या पायरीवर टोपली उतरवते आणि खालच्या पायरीवर बसते. बाबा वर बाकावर. म्हणजे तिच्या डोळ्यांसमोर थेट त्यांचे घोटे. त्या दिवशी ती बोंबील मोजता मोजता थांबली.

"दादूस, ह्ये काय?"

तिने ओला अंगठा बाबांच्या घोट्यावर दाबला आणि काढला. अंगठ्याएवढा खळगा पडला आणि तसाच राहिला. ती त्याच्याकडे बघत बसली. बाबाही बघत बसले. आई सांगते, की घरात पोळीचा वास सुटला, पोळी करपली, तरी खळगा भरला नाही. मग मासळीवाली एवढंच म्हणाली, "खळगा भरत न्हाय." आणि तिने चार बोंबील जास्त घातले, फुकट. इतक्या वर्षांत त्या बाईने आम्हाला एक कोळंबीही फुकट दिलेली नव्हती. 

टोपली ज्या ज्या दारात उतरली, त्या त्या दारात बातमी उतरली. दुपारपर्यंत सगळ्या आळीला कळलं. संध्याकाळी कुणीतरी बाबांशी गप्पा मारता मारता त्यांच्या पायांचा फोटो काढला आणि भावकीच्या ग्रुपवर टाकला. खाली काही लिहिलं नव्हतं. नुसते पाय. माझ्या फोनवर तो आला तेव्हा मी चाचणीचे पेपर तपासत होते. फोटोखाली हात जोडलेल्यांची रांग लागली होती, आणि एकाने तर "फार चांगला माणूस होता" लिहून ते घाईघाईने पुसलं होतं. पुसलं तरी मी वाचलं होतं.

आमच्याकडे एक चांगली रीत आहे. जायला निघालेल्या माणसाची खायची इच्छा मागे राहू द्यायची नाही. अर्थात असं कुणी तोंडाने बोलत नाही. लोक म्हणतात, "सहज आलो होतो." आणि हातात डबा असतो. कुणाला आठवत होतं, की बाबांना जवळ्याची चटणी आवडते. कुणी खारा बांगडा भाजून आणला. कुणी कैरीचं जुनं लोणचं, तळाशी खार मुरलेलं, अख्खी बरणी. आणि दिवस पोपटीचे. शेतात संध्याकाळी जाळात मडकी लागायची. आत भांबुर्डीचा पाला, वालाच्या शेंगा, अंडी, मसाला लावलेली कोंबडी, आणि वरून मूठ मूठ जाडं मीठ. एरवी बाबांना बोलावणं आलं तर आलं. आता त्यांच्यासाठी खास मडकी लागू लागली, आठवड्यात तीन. पत्रावळ भरून घरपोच.

दोन आठवड्यांनी आकडा पुन्हा चढला. डॉक्टरांनी विचारलं, "मीठ कमी केलंत ना?"

"घरात एकदम कमी," बाबा म्हणाले.

हे अगदी खरं होतं. घरचं ते खातच नव्हते.

डॉक्टरांनी गोळी पाचाची दहा केली. दहाने पाय आणखी सुजले. चपलेचा पट्टा बसेना. ते बघून लोक आणखी हळहळले आणि आणखी डबे आले. डब्यांनी प्रेशर वाढलं. आता पेण आणि उरणकडचे पाहुणेही येऊ लागले, मुंबईहून आत्या आली, तिने येताना पोह्याचे पापड आणले. भजनी मंडळाचे बुवा येऊन बाबांना विचारून गेले, की तुम्हाला कोणता अभंग जास्त आवडतो. बाबांनी एक सांगायच्या ऐवजी सात म्हणून दाखवले आणि बुवांनाच तहान लागली.

मी दर शनिवारी येत होते. येत होते आणि चिडत होते. एकदा मी पडवीत बागेची रबरी नळी घेऊन उभी राहिले आणि जमलेल्या सगळ्यांना समजावून सांगितलं. नळी आवळली की काय होतं, सैल सोडली की काय होतं, पाणी खाली का साचतं. गोळीमुळे आलेली ही सूज आहे, हृदयाचं काही नाही, मूत्रपिंडाचं काही नाही, डॉक्टरांनी तपासलंय. सगळ्यांनी मन लावून ऐकलं. मग आत्या म्हणाली, "व्हय गो, पन खळगा भरत न्हाय ना." सगळ्यांनी माना डोलावल्या. मी नळी गुंडाळून ठेवली.

जास्त राग मला बाबांचा आला. कारण एका शनिवारी मी मागच्या दाराने आले आणि त्यांना बघितलं. ते आरामात मांडी घालून बांगड्याचा काटा चोखत होते. पुढच्या फाटकाची कडी वाजली. बाबांनी ताटली बाकाखाली सरकवली, पाय स्टुलावर ठेवले, डोळे मिटले आणि हळू आवाजात "आई गं" म्हणाले.

पाहुणे गेल्यावर मी समोर उभी राहिले. "हे गोळीमुळे आहे, तुम्हाला माहीत आहे ना?"

"पयल्या दिवसापास्नं. पाणी खालीच उतरणार. त्याच्यापुढं पाइप हाय कुठं?"

"मग लोकांना सांगत का नाही?"

"मला कुणी इचारलं न्हाय."

"डॉक्टरांनी सांगितलंय, पायांचा त्रास वाढला तर या, गोळी बदलता येते. चला सोमवारी."

"बघू. जरा थांब."

मला वाटलं, खाण्याचा मोह आहे. म्हातारपणी माणूस जिभेपुढे हरतो. आईला तसं म्हटलं, तर ती भांडी विसळता विसळता थांबली.

"खाण्याचं न्हाय त्यांचं," ती म्हणाली. "मोठ्या भावजींची वाट बघतात."

आमचं अंगण एकच आहे. एका बाजूला आमची पडवी, समोर मोठ्या काकांची. मधे वीस पावलं. बाबा आणि त्यांचे हे मोठे भाऊ अकरा वर्षं एकमेकांशी बोललेले नाहीत. अकरा वर्षं मला नीट मोजता येतात, कारण माझ्या लग्नालाही तेवढीच झाली. भांडण माझ्याच लग्नाच्या बोलणीतलं. सासरकडची माणसं माणगावहून आली होती आणि त्यांना आमच्याकडची पोपटी खिलवायची असं ठरलं. आमच्या घराण्यात मडकं कधी उघडायचं ते मोठा ठरवतो. काका जळत्या मडक्यावर पाणी शिंपडायचे, कान लावायचे आणि म्हणायचे, "थांब." किंवा "काढ." त्या दिवशी ते म्हणाले, "थांब." बाबा म्हणाले, झालंय. काका म्हणाले, न्हाय. बाबा पाहुण्यांकडे वळून म्हणाले, "उष्णता आन् दाब मला सांगू नका. जन्मभर बॉयलर चालवला मी." आणि त्यांनी काठीने मडकं बाहेर ओढलं. वाल कच्चे, कोंबडी लाल. माझ्या होणाऱ्या सासऱ्यांच्या पानात.

काका सगळ्यांदेखत म्हणाले, "चालवला न्हाय. नुसता आकडा वाचून वहीत लिवायचा."

ते खरं होतं. बाबा बॉयलर हाउसमध्ये हेल्पर होते. तासातासाला काट्यावरचा आकडा वाचायचा आणि वहीत उतरवायचा, एवढंच त्यांचं काम. आम्हा मुलांना हे तोवर ठाऊक नव्हतं. बाबांनी मान खाली घातली ती मला अजून आठवते. लग्न झालं, मी निघून गेले, आणि अंगणात ती वीस पावलं तशीच राहिली. बायका मात्र बोलत राहिल्या. आमच्याकडे बायकांनी बोलणं सोडलं तर कुणाच्याच घरी चूल पेटणार नाही.

काकी रोज यायची. डब्यात भाजी असायची, तीही अळणी, सगळ्या गावात एकटीचीच. पण ती बाबांच्या पायांकडे बघत बसायची आणि मला नको तितके प्रश्न विचारायची. सूज आधी कुठं आली? सकाळी कमी असते का? गोळी कंची? दाखव जरा. मी गोळ्यांची पट्टी दाखवली तर तिने ती उलटसुलट करून बघितली आणि पदराला डोळे पुसत गेली. काका मात्र दिसायचेच नाहीत. दिसले तर खिडकीतून, आणि पायात मोजे. आमच्याकडे थंडी पडली म्हणजे पंखा तीनवरून दोनवर येतो. मला वाटलं, म्हातारे झाले काका.

"भाऊ मराया टेकला असं कळल्यावर तरी येईल, असं त्यांना वाटतं," आई म्हणाली. "पाय उतरले तर कशाला येईल तो?"

मला हसूही आलं आणि रडूही. मग त्या शुक्रवारी हसायचं काही राहिलं नाही.

शाळेला सुट्टी होती, मी सकाळीच आले होते. आदल्या दिवशी आणखी एक पोपटी झाली होती. दुपारी बाबा बाकावरून उठले आणि खांब धरून उभे राहिले. डोकं दुखतंय म्हणाले. बाबा डोकं दुखतंय असं कधीच म्हणत नाहीत. मी मशीन आणलं, पट्टा बांधला. हवा भरली, सुटली. बाबांनी सवयीने आकडा मोठ्याने वाचला.

"दोनशे चार."

मी घाबरले. खरंच घाबरले. डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, शांत पडू द्या, दहा मिनिटांनी पुन्हा मोजा, आणि काहीही आलं तरी आजच्या आज, लगेच घेऊन या. दहा मिनिटांनी एकशे अठ्ठ्याण्णव. मी रिक्षावाल्याला फोन केला.

"उद्या जाऊ," बाबा डोळे मिटून म्हणाले.

"बाबा, आत्ता."

"दादा आल्याबिगर मी इथनं हलणार न्हाय."

मी ओरडले. आई रडली. आत्याने पापड भाजायला घेतले होते ते बंद केले. बाबांनी बाकाची कड घट्ट धरली होती आणि ते भिंतीकडे बघत होते. माणूस एवढा हट्टी असतो हे मला माहीत होतं, कारण मी त्यांचीच मुलगी आहे. मी चप्पल न घालता अंगण ओलांडलं. काय काय बोलायचं ते मनात रचत गेले, अकरा वर्षांचं.

काकांचं दार लोटलेलं होतं. मी ढकललं आणि उंबऱ्यातच थांबले. काका खाटेवर पडले होते, दोन्ही पाय तीन उशांवर. मोजे काढलेले. मला क्षणभर वाटलं, बाबाच इकडे कसे आले. तेच पाय. तोच फुगलेला घोटा, तीच ताणलेली कातडी, आणि मोज्याच्या रबराचा वळ खोल उमटलेला.

"दार लाव," काका म्हणाले. "बघितलंस ना? आता कुणाला बोलू नको."

"काका, कधीपासून?"

"दोन महिने झाले. पायाकडनं चढलीय." ते छताकडे बघत होते. "मी मोठा हाय. आधी नंबर माझा. त्यानं मधी घुसाया नको होतं. त्याची सवय जुनी हाय ती."

"तुम्ही बाबांना भेटायला का नाही आलात?"

"मी? त्यानं यायचं. बारक्यानं मोठ्याकडं यायचं असतं. मी वाट बघतोय त्याची."

खाटेजवळच्या खिडकीत गोळ्यांची पट्टी होती. मी उचलली. नाव वाचायचीही गरज नव्हती. काकी स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली, "मी तेच बघत हुते गो तुमच्याकडं, तीच हाय का म्हणून. पन ह्यांनी मला शपथ घातलेली." मग ती नवऱ्याकडे बघून म्हणाली, "मोडली मी. घ्या."

मी त्या खाटेवर बसले आणि आठवीच्या वर्गाला सांगते तसं सगळं सांगितलं. नळी, कॅल्शियम, गोळी, सूज. माझ्या आयुष्यात पहिल्यांदा या घराण्यातल्या एका पुरुषाने माझं बोलणं मधे न तोडता ऐकलं. झाल्यावर काकांनी पायांकडे बघितलं.

"म्हंजे मी जात न्हाय?"

"नाही काका. गोळी बदलली की उतरेल."

"आन् बारक्याचं? तेपण गोळीचंच?"

"गोळीचंच."

काकांनी मोठा श्वास सोडला. चेहरा एकदम मोकळा झाला. ते उशीला टेकले आणि म्हणाले, "मग जायचं कशाला आता? बरा हाय तो."

मला इतका राग आला, की काकांना, वडीलधाऱ्या माणसाला, मी आयुष्यात बोलले नव्हते तसं बोलले. "बरे नाहीत ते! सगळा गाव पायांचं घेऊन बसलाय. मरण पायात नाही काका, आकड्यात आहे, आणि आकडा आत्ता दोनशेच्या वर जाऊन आला. डोकं धरून बसलेत. रिक्षा यायला लागलीय आणि ते तुमच्याशिवाय उठत नाहीत. तुम्हाला तुमचा मोठेपणा इथेच सांभाळायचा असेल तर सांभाळा."

काका उठले. चपला शोधल्या, पाय चपलेत जाईना, तशीच ती लाथेने बाजूला सारली. अनवाणी अंगणात उतरले. मी हात द्यायला गेले तर झिडकारला. वीस पावलांना त्यांना बराच वेळ लागला. समोरून आई दोन्ही हात तोंडावर ठेवून बघत होती.

बाबांनी पाऊल ओळखलं. मी पाठीमागून बघत होते. ते झटकन उठून बसले, मग काय वाटलं कुणास ठाऊक, पुन्हा आडवे झाले, पाय स्टुलावर घेतले आणि डोळे मिटले. काका बाकाच्या कडेला टेकले.  

"किती झालं?" काकांनी विचारलं.

"दोनशे चार," बाबा डोळे न उघडता म्हणाले. "मंग एकशे अठ्ठ्याण्णव."

"कुणी वाचलं?"

बाबांनी डोळे उघडले. मला वाटलं, झालं, आता पुन्हा अकरा वर्षं.

"मीच वाचलं."

"मंग बरोबर असंल," काका म्हणाले. "आकडा वाचण्यात तू कवा चुकला न्हाईस. साहेब लोकपन तुझीच वही बघायचे."

 काका अवघडून खाली वाकले, पँट गुडघ्यापर्यंत वर घेतली आणि आपला पाय उचलून स्टुलावर बाबांच्या पायाशेजारी ठेवला.

बाबांना सगळं माहीत होतं. पाइप सैल केला की खाली गळणार, हे त्यांनी डॉक्टरांच्या आधी सांगितलं होतं. महिनाभर ते स्वतःच्या पायांवर आरामात जेवले होते. पण भावाचा तो पाय दिसला आणि त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग गेला. "दादा," ते म्हणाले, "दादा, कवापासनं? मला सांगितलं न्हाईस?" आणि रडायला लागले. अगदी लहान मुलासारखे, आवाज काढून.

"बाबा, तीच गोळी आहे," मी म्हटलं. "काकांचीही तीच गोळी. तुम्हीच सांगितलं होतंत ना डॉक्टरांना?"

त्यांनी माझं ऐकलंच नाही. त्यांनी हात पुढे केला आणि काकांच्या घोट्यावर अंगठा दाबला. दाबूनच धरला. काढायची त्यांची हिंमत होत नव्हती, हे दिसत होतं. फाटकाशी रिक्षा येऊन थांबली, रिक्षावाल्याने दोनदा हॉर्न दिला. आईने बाबांची चप्पल आणली, मग काकांचे पाय बघून परत ठेवली.

"दोघंही चला," मी म्हटलं. "दोघांच्या गोळ्या बदलून घेऊ. दोघंही अनवाणी चला."

"काढू?" बाबांनी काकांना विचारलं. अंगठा तसाच होता.

काकांनी पायाकडे बघितलं. मग भावाकडे बघितलं.

"थांब," ते म्हणाले. "मी सांगतो तवा काढ."

आणि बाबा थांबले.